कुत्र्याचा आरोग्यविमा : घ्यावा की न घ्यावा?

(कोलकाता येथील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी नदीच्या प्रदूषणावर, सार्वजनिक आरोग्यावर आणि लोकसंख्येच्या प्रश्नावर व्याख्याने झाली. त्यानंतर कुत्र्याच्या विम्याविषयी बोलण्यासाठी उभे राहताना थोडा संकोच वाटतो. ज्या देशात असंख्य माणसांना स्वतःच्याच आजाराचा खर्च झेपत नाही, तेथे कुत्र्याच्या आजाराच्या खर्चाची चिंता करणे कित्येकांना चैनीचे वाटेल. हा आक्षेप मी अमान्य करीत नाही. तथापि ज्याने एखादे जनावर आपल्या घरात आणले, त्याने त्याची जबाबदारीही पत्करलेली असते. आणि त्या जबाबदारीचा हिशेब ज्या दिवशी मांडावा लागतो, तो दिवस आपण निवडलेला नसतो. या कारणासाठीच मी हा विषय घेतला आहे.

मी पशुवैद्य नाही आणि कोणत्याही विमा कंपनीशी माझा संबंध नाही. एका महाविद्यालयात तीस वर्षे मी संख्याशास्त्र शिकवले. संभाव्यतेच्या सिद्धांताचा सर्वांत व्यापक व्यावहारिक उपयोग विम्यात होतो, असे मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत असे. स्वतःच्या घरात मात्र त्या सिद्धांताचा मी काडीइतका उपयोग केला नाही. त्याची हकीकत प्रथम सांगतो.

आमच्याकडे काजल नावाची एक मिश्र जातीची कुत्री होती. २००९ सालच्या ऑगस्टमध्ये, आठव्या वर्षी, तिने अन्न टाकले. ती सारखे पाणी पिऊ लागली आणि एका जागी पडून राहू लागली. पावसाळी हवेमुळे असे होत असेल, असे समजून आम्ही तीन दिवस काढले. चौथ्या संध्याकाळी तिला एका खासगी दवाखान्यात नेले, तेव्हा तिच्या गर्भाशयात पू झाल्याचे निदान झाले. “मास्टरमोशाय, आज रात्रीच शस्त्रक्रिया करायला हवी,” असे डॉक्टर म्हणाले. खर्च सुमारे १२,००० रुपये येणार होता. त्याच आठवड्यात मुलीच्या प्रवेशाचे शुल्क भरावयाचे होते. “सकाळी कळवतो,” असे सांगून मी तिला घरी परत आणले. रात्री उशिरापर्यंत मी बँकेचे पासबुक पुढे घेऊन बेरजा-वजाबाक्या करीत बसलो होतो. पहाटे पैशाची व्यवस्था जुळली. दवाखान्याच्या वाटेवर टॅक्सीतच काजल गेली.

शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली असती तरी ती वाचलीच असती असे नाही, असे डॉक्टरांनी नंतर मला सांगितले. ते खरे असेल. परंतु त्या रात्री मी काय करीत होतो, हे मला ठाऊक आहे. कुत्री मरणाच्या दारात असताना तिच्या जिवाची किंमत ठरविण्याची वेळ माझ्यावर आली होती, आणि त्या प्रश्नाचा मी तोपर्यंत कधीही विचार केलेला नव्हता.

पुढे या रोगाविषयी वाचताना मला एक गोष्ट आढळली, आणि तिचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. प्राण्यांच्या विम्याची परंपरा स्वीडनमध्ये फार जुनी आहे. घोडे आणि गुरे यांच्या विम्यापासून तिचा आरंभ झाला आणि १९२४ साली तेथे कुत्र्याचा विमा उतरविला गेला. आज तेथील बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो. परिणामी कोणत्या जातीच्या कुत्र्याला, कोणत्या वयात, कोणता रोग झाला, याच्या प्रचंड नोंदी विमा संस्थेकडे साठत गेल्या. पशुवैद्यक संशोधकांनी त्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा असे दिसून आले की, दहा वर्षांची होईपर्यंत साधारणपणे चार-पाच कुत्र्यांमागे एकीला गर्भाशयात पू होण्याचा हा विकार जडतो. स्वीडनमध्ये कुत्र्यांची नसबंदी करण्याची प्रथा पूर्वी फारशी नव्हती. म्हणून या रोगाचे खरे प्रमाण तेथील नोंदींतून स्पष्ट होऊ शकले. नसबंदीत गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले, की हा रोग होण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. म्हणजे काजलवर जे संकट आले ते विरळा नव्हते, अनपेक्षितही नव्हते. थोड्या खर्चात ते टाळता आले असते. विम्याचा विचार करताना हा पहिला धडा ध्यानात ठेवावा : जे संकट टाळता येते ते आधी टाळावे, विमा उरलेल्या संकटांसाठी असतो.

आता विमा या कल्पनेकडे वळू. शंभर घरांपैकी एखादे घर दर वर्षी जळते असे धरा. कोणते घर जळेल हे कोणालाच ठाऊक नसते, परंतु एखादे जळेल हे साधारणपणे सर्वांना ठाऊक असते. सर्वांनी थोडे थोडे पैसे एकत्र केले, तर ज्याचे घर जळेल त्याला ते पुन्हा बांधता येते. या व्यवस्थेत कार्यालयाचा खर्च, प्रतिनिधीचे कमिशन, कर आणि कंपनीचा नफा यांची भर पडते. म्हणून सर्व विमेदारांनी मिळून भरलेल्या रकमेपेक्षा त्यांना मिळून परत येणारी रक्कम सामान्यतः कमीच असते. “विमा घेतल्याने माझा फायदा होईल का?” असे कोणी विचारले, तर संख्याशास्त्राचे उत्तर सरळ आहे : सरासरीने पाहता होणार नाही. पण घर न जळल्याबद्दल आणि हप्ता वाया गेल्याबद्दल कोणी शोक करीत नाही. आपण विकत घेतो ते एका मोठ्या आघातापासूनचे संरक्षण. तेव्हा खरा प्रश्न असा, की तो आघात आपल्याला सोसणारा आहे की नाही.

आपल्या देशात जनावरांच्या विम्याने वेगळे वळण घेतले. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्यानंतर ग्रामीण भागात गाई-म्हशींच्या विम्याचा प्रसार झाला. शेतकरी कर्ज काढून म्हैस घेतो; ती दगावली तर दूध जाते आणि कर्ज मात्र उरते. म्हणून मेलेल्या जनावराची बाजारातील किंमत भरून देणे, हे त्या विम्याचे स्वरूप होते. कोणते जनावर दगावले याविषयी वाद होऊ नये म्हणून कानात बिल्ला ठोकण्याची पद्धत आली. बिल्ला नाही तर दावा नाही, हा नियम खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनाही पाठ झाला. कुत्र्यांसाठी आपल्याकडे जी विमापत्रे पूर्वीपासून मिळत होती, त्यांची घडणही मुख्यतः अशीच होती. कुत्रा अपघाताने वा रोगाने मेला, तर त्याची ठरविलेली किंमत मालकास मिळे.

पण कुत्रा पाळणाऱ्याची गरज याहून वेगळी असते. काजलची बाजारात किंमत शून्य होती. तिला आम्ही रस्त्यावरून आणले होते. ती मेल्यावर मला कोणी पैसे द्यावेत, अशी माझी इच्छा नव्हती. ती जिवंत असताना तिच्या उपचारासाठी पैसे हवे होते. उपचाराच्या खर्चाचा विमा ब्रिटन, स्वीडन आणि अमेरिका येथे रुळून बराच काळ लोटला. अमेरिकेत १९८२ साली अशा विम्याचे पहिले विमापत्र दूरचित्रवाणीवर ‘लॅसी’ची भूमिका करणाऱ्या कुत्र्याच्या नावे काढले गेले. आपल्याकडे उपचारखर्च भरून देणाऱ्या योजनांची चर्चा होऊ लागली ती प्रामुख्याने २०२० नंतर. म्हणून विमापत्र हाती येताच पहिली गोष्ट ही पाहावी, की ते मृत्यूची भरपाई देते, उपचाराचा खर्च देते, की दोन्ही. नावात ‘आरोग्य’ हा शब्द आहे एवढ्यावर समाधान मानू नये.

२०१९ साली आमच्या घरी भुलो आला. नाव अस्सल बंगाली, पण जात लॅब्रॅडॉर. २०२१ साली मी त्याचा विमा उतरविला. विमारक्कम ५०,००० रुपये होती. वयाप्रमाणे हप्ता थोडा बदलत गेला. सरासरीने तो वर्षाला ७,००० रुपये धरू. विमापत्र आणून मी कपाटात ठेवले आणि आता आपण निश्चिंत झालो, असे समजून चाललो. संख्याशास्त्राच्या शिक्षकाने तरी असे समजावयास नको होते.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत नेहमीप्रमाणे गुडघाभर पाणी तुंबले. त्या पाण्यातून भुलोला फिरवून आणावे लागे. काही दिवसांनी त्याला ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, उलट्या सुरू झाल्या. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणाऱ्या जंतूंचा हा रोग यकृत आणि मूत्रपिंडे यांवर आघात करतो. तो माणसांनाही होतो. आठ दिवस सलाईन आणि प्रतिजैविके चालली. भुलो वाचला. मी बिले जोडून दावा दाखल केला आणि तो नामंजूर झाला.

मला फार संताप आला. कंपनीला खरमरीत पत्र लिहावयाचे म्हणून मी कपाटातून विमापत्र काढले आणि ते प्रथमच शेवटपर्यंत वाचले. ज्या रोगांवर लस उपलब्ध आहे, त्यांची लस वेळेवर दिलेली नसेल तर त्या रोगाचा दावा मान्य होणार नाही, असे तेथे स्वच्छ लिहिले होते. रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस यांची नावे त्या यादीत होती. भुलोचे लसीकरणाचे पत्रक पाहिले. लेप्टोस्पायरोसिसची लस दर वर्षी पुन्हा द्यावी लागते. तिची तारीख उलटून अडीच महिने झाले होते. ते पत्र मी लिहिले नाही. चूक कंपनीची नव्हती, माझी होती. आणि तिची किंमत रुपयांत मोजावी लागली हे माझे भाग्य, कारण ती भुलोच्या प्राणाने मोजावी लागली असती.

या अनुभवातून विमापत्र वाचण्याची जी रीत मी शिकलो, ती थोडक्यात सांगतो. प्रथम काय मिळेल हे न पाहता काय मिळणार नाही ते पाहावे. वगळलेल्या बाबींची यादी हाच विमापत्राचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. विमा घेण्यापूर्वीपासून असलेला विकार बहुधा वगळलेला असतो. विमा सुरू झाल्यावर ठरावीक प्रतीक्षाकाल असतो, आणि त्या काळात उद्भवलेल्या आजाराचा दावा मान्य होत नाही. गर्भारपण, प्रसूती, नसबंदी, नेहमीचे लसीकरण, खाद्य आणि पूरक औषधे यांचा खर्च पुष्कळ योजनांत मिळत नाही. ठरावीक जातींत आढळणारे आनुवंशिक विकार, उदाहरणार्थ मोठ्या जातीच्या कुत्र्यांत दिसणारा खुब्याच्या सांध्याचा दोष, समाविष्ट आहेत की नाहीत हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. त्यानंतर वयाची अट पाहावी. नवा विमा कोणत्या वयापर्यंत मिळतो आणि घेतलेला विमा कोणत्या वयापर्यंत पुढे चालू ठेवता येतो, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. कुत्र्याचे आजार उतारवयात वाढतात आणि नेमके तेव्हाच दार बंद होणार असेल, तर आधीच्या हप्त्यांचा अर्थ बदलतो. शेवटी ओळखीचा पुरावा. म्हशीच्या कानातील बिल्ल्याचे काम कुत्र्याच्या बाबतीत छायाचित्रे किंवा कातडीखाली बसविलेली सूक्ष्म चकती करते. हे सर्व कागद एका ठिकाणी नसतील, तर आणीबाणीच्या दिवशी ते सापडत नाहीत.

आणखी एका कलमाचा उल्लेख करतो. आपल्या कुत्र्याने परक्या माणसास इजा केली, तर येणाऱ्या नुकसानभरपाईचे दायित्व काही विमापत्रे स्वीकारतात. दाट वस्तीत राहणाऱ्यांना उपचारखर्चाच्या कलमाइतकेच हे कलम उपयोगी पडू शकते. तथापि याही दायित्वास मर्यादा असते, आणि पट्टा व लस यांबाबतचा आपला निष्काळजीपणा विम्याने धुऊन निघत नाही.

२०२३ सालच्या जूनमध्ये भुलोने आंब्याची कोय गिळली. बंगालमधील उन्हाळ्यात हे संकट किती घरांत येते, हे येथील पशुवैद्यांना विचारावे. कोय आतड्यात अडकली आणि पोट उघडून ती काढावी लागली. एकूण खर्च ४०,००० रुपये झाला. त्यातील ४,००० रुपयांच्या बाबी मान्य होण्यासारख्या नव्हत्या. उरलेल्या ३६,००० रुपयांचा पाचवा हिस्सा विमेदाराने सोसावयाचा, अशी अट होती. ते ७,२०० रुपये झाले. कंपनीने २८,८०० रुपये दिले आणि माझ्या खिशातून ११,२०० रुपये गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विमारक्कम ५०,००० आणि बिल ४०,००० होते, तरीही पूर्ण बिल मिळाले नाही. विमा असतानाही थोडी गंगाजळी हाताशी ठेवावीच लागते.

आजवर मी पाच हप्ते भरले आहेत. म्हणजे सुमारे ३५,००० रुपये दिले आणि २८,८०० मिळाले. वजाबाकी केली तर मी तोट्यात आहे. परंतु जूनमधील त्या रात्री डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करावी लागेल असे सांगताच मी “करा” असे म्हणालो. पासबुक काढले नाही. पाच वर्षांत सहा हजार दोनशे रुपये अधिक देऊन मी जे घेतले ते एवढेच आहे, आणि मला ते महाग वाटत नाही.

तरीही प्रत्येकाने विमा घ्यावा, असे माझे म्हणणे नाही. माझ्या मते येथे तीन प्रकारची कुटुंबे विचारात घ्यावी लागतात. पहिल्या प्रकारच्या कुटुंबास चाळीस-पन्नास हजारांचा अचानक खर्च आला, तर वाईट वाटेल, पण घर हलणार नाही. अशांना विम्याची गरज नाही. हप्त्याइतकी रक्कम त्यांनी दर वर्षी वेगळ्या खात्यात टाकावी. कुत्रा निरोगी राहिला तर ती त्यांचीच राहते. मात्र ती रक्कम खरोखरच बाजूला पडली पाहिजे; पुढे कधी तरी टाकू असे म्हणणारे बहुधा टाकीत नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या कुटुंबास हप्ता झेपतो, पण मोठे बिल एकदम झेपत नाही. वेगळ्या खात्यात पैसा साठण्यास काळ लागतो आणि आजार तेवढा थांबत नाही. विमा मुख्यतः याच लोकांसाठी आहे. कुत्रा लहान व निरोगी असतानाच त्यांनी तो घ्यावा. तिसऱ्या प्रकारच्या कुटुंबास हप्ताच जड जातो. त्यांनी विम्याच्या मागे लागू नये. लसीकरण, नसबंदी आणि गोचिडांचा बंदोबस्त यांवर केलेला खर्च त्यांना अधिक संरक्षण देईल. राज्य सरकारांचे पशुचिकित्सालय आणि पशुवैद्यक महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये कमी खर्चात उपचार करतात. आपल्या शहरातील अशा रुग्णालयाचा पत्ता आणि वेळ संकट येण्यापूर्वीच लिहून ठेवावी.

विम्याविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. विमा सर्वत्र झाला की दवाखान्यांचे दर वाढतात, कारण बिल कोणी तरी तिसराच भरणार असतो. हा आक्षेप निराधार नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकीय सेवांच्या वाढत्या दरांविषयी इतक्या तक्रारी झाल्या, की २०२३ साली तेथील स्पर्धा नियामकाने त्यांची चौकशी सुरू केली. दर वाढण्याची कारणे अनेक आहेत आणि विमा हे त्यांपैकी एक मानले जाते. म्हणून विमा असला तरी कोणती तपासणी कशासाठी आणि तिचा खर्च किती, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याची सवय सोडू नये.

आता अखेरचा मुद्दा. २०२४ साली आमच्या इमारतीतील एक कुटुंब परगावी गेले आणि त्यांची नऊ वर्षांची कुत्री मागे राहिली. ती आता आमच्याकडे आहे. तिला नवा विमा मिळाला नाही. वयाची मर्यादा उलटून गेली होती. तेव्हा एका रविवारी सकाळी पत्नी, मुलगी आणि मी असे तिघे बसलो. तिच्यासाठी एक वेगळे खाते उघडले आणि कोणत्या उपचारापर्यंत जावयाचे, कोठे थांबावयाचे, तेही ठरविले. बरी होण्याची शक्यता असेल तर खर्च करावयाचा. केवळ वेदना लांबत असतील तर तिला शांतपणे जाऊ द्यावयाचे. हे एका वहीत लिहिले आणि ती वही लसीकरणाच्या पत्रकाजवळ ठेवली. मुलगी त्या वेळी रडली. पण निर्णय दिवसाउजेडी, जनावर पायाशी निजलेले असताना घेतला गेला.

विमा घ्यावा की न घ्यावा, याचे एकच उत्तर मी आपणांस देऊ शकत नाही. आपले उत्पन्न, कुत्र्याचे वय आणि विमापत्राचे कलम यांवर ते अवलंबून राहील. मात्र ज्यांच्या घरी आज कुत्रा आहे, त्यांना मी एक विनंती करीन. या आठवड्यात लसीकरणाचे पत्रक काढून त्यावरील तारीख पाहा. मग घरच्या माणसांसह बसून एवढेच विचारा : उद्या रात्री चाळीस हजारांचा प्रश्न आला, तर आपण काय म्हणू? त्याचे उत्तर तयार असेल, तर विमा असो वा नसो, आपण पुरेशी तयारी केली आहे असे समजावे.